दोन खळग्यांचा किनारा

त्या किनाऱ्यावर राजा नव्हता, आणि राजा नाही याचा तिथल्या सगळ्यांना अभिमान होता.

किनारा शंखखेकड्यांचा होता. शंखखेकड्याला पुढे नांग्या असतात, डोळे देठांवर असतात, चाल तिरकी असते. पण मागचं पोट मऊ आणि उघडं असतं. ते झाकायला त्याला दुसऱ्या कुणीतरी मागे सोडलेला शंख लागतो. शंख हेच त्याचं घर आणि तीच त्याची पाठ. शंख नसलेला खेकडा म्हणजे कुरव पक्ष्याच्या चोचीतला घास.

फार पूर्वी तिथे एका चिंबोऱ्याचं राज्य होतं. त्याला शंखाची गरज नव्हती, त्याची पाठ जन्मतःच दगडासारखी होती. तरी समुद्राने टाकलेला प्रत्येक चांगला शंख तो आपल्या कपारीत ओढून नेई. ज्याच्याकडे शंख असतात त्याच्यापुढे सगळे वाकतात, एवढं त्याला कळलं होतं. एका उधाणाला ती कपारच कोसळली आणि चिंबोरा तिच्याखाली गेला. कोंडलेले शंख वाळूवर विखुरले. त्या दिवशी लहानथोर सगळे खेकडे कातळावर जमले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाची नांगी कुणाच्या पाठीवर असणार नाही. तेव्हापासून त्या किनाऱ्यावर ‘चिंबोरा’ ही सगळ्यांत मोठी शिवी झाली.

कातळावर शेजारी शेजारी दोन खळगे होते, एक होकाराचा आणि एक नकाराचा. कुणीही प्रश्न विचारावा. ज्याला जे वाटेल त्या खळग्यात त्याने आपला शंख घालावा. उन्हं कलली की दोन्ही राशींच्या सावल्या कातळावर लांबत जात. ज्या राशीची सावली लांब, तिचं खरं. मोजणारा कुणी नको, निवाडा करणारा कुणी नको. आणि एकदा घातलेला शंख पुढच्या उधाणापर्यंत परत घ्यायचा नाही. तोवर कपारीत अंग चोरून, पोट उघडं टाकून दिवस काढायचे. ज्याने मतासाठी आपलं पोट उन्हात ठेवलं तो उगाच काहीतरी मत देणार नाही, असा त्यामागे विचार होता. या त्रासाची भरपाई म्हणून त्या काळात समुद्र जे नवे शंख टाकेल, ते शंख घालणाऱ्यांना वाटून द्यायचे. जितके शंख घातले, तितका वाटा.

पुळणी नावाची एक शंखखेकडी तेव्हा अगदी लहान होती, पण तो पहिला प्रश्न तिला आठवत होता. कुरव यायच्या वेळेला पहारा ठेवायचा की नाही, एवढाच तो होता. सगळा किनारा शंखाबाहेर आला होता. म्हातारे, तरणे, ज्यांच्या नांग्यांना सगळे भीत ते, ज्यांना कुणी ओळखत नव्हतं ते, सगळे उघडे. एकमेकांची मऊ, वाकडी, गुलाबी पोटं सगळ्यांनी पाहिली आणि कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून पुळणीला वाटत आलं, की जगात याहून सुंदर काही असूच शकत नाही.

म्हणून मोठी झाल्यावर ती हाकारी झाली. प्रश्न निघाला की कपारीकपारीतून फिरून तो सांगायचा, शंख घालायला लोकांना बाहेर काढायचं, आणि सावल्या ठरल्या की कातळाच्या टोकावर चढून “किनारा बोलला!” अशी आरोळी द्यायची, हे तिचं काम. आरोळी ऐकली की जो जिथे असेल तिथे उजवी नांगी वर करी. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. ती ते जीव टाकून करी.

तिचा शंख पट्ट्यापट्ट्यांचा होता. त्याच्या ओठाचा एक टवका उडाला होता, आणि वारा सुटला की तिथून बारीक शीळ वाजे. तो तिला शेवटच्या रांगेत मिळाला होता. रांग ही त्या किनाऱ्याची चिंबोऱ्याच्याही आधीची रीत. एखादा मोठा रिकामा शंख वाळूवर आला, की त्याच्याजवळ खेकडे जमत आणि मोठ्यापासून लहानापर्यंत एकामागे एक उभे राहत. पहिला त्या नव्या शंखात शिरे, दुसरा पहिल्याच्या सोडलेल्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या. एका शंखाने अख्खी रांग मोठ्या घरात जाई. त्या रांगेत पुळणीच्या पुढे शेवाळमावशी होती, आणि पट्ट्यांचा शंख तिने सोडलेला होता. स्वतः मावशी ज्या शंखात गेली त्यावर पुढे हिरवंगार शेवाळ चढलं, म्हणून तिचं हे नाव. पुळणीला सख्खं कुणी नव्हतं. मावशीच होती.

खळगे आले तशी रांग मागे पडली. कुणी ती बंद केली नाही. नवे शंख वाटे म्हणून कातळावर जाऊ लागले, तेव्हा रांगेच्या तोंडाशी ठेवायला काही उरेना, इतकंच.

काही वर्षांनी पुळणीच्या लक्षात आलं, की खळग्यांत राशी मोठ्या दिसतात, पण कपारींत उघडी पोटं फारशी दिसत नाहीत. ज्यांच्याकडे राहता एकच शंख होता ते हळूहळू येईनासे झाले होते.

“तुला हौस आहे गं उन्हात भाजून घ्यायची,” खुबल्या तिला म्हणायचा. खुबल्या तिच्या शेजारच्या कपारीतला, कायम चेष्टेच्या सुरात बोलणारा. “मागच्या खेपेला माझं पोट इतकं सोललं, की बायकोनं ओळखलंच नाही. म्हणाली, हा कोण कोळंबीवाल्यांचा पाहुणा?”

“आणि मग तुझ्या वतीनं कोण ठरवणार?”

“ठरवतील की ज्यांच्याकडे जास्तीचे आहेत ते. त्यांना कुठे कपडे काढावे लागतात?”

ती चिडली, पण खुबल्या खोटं बोलत नव्हता. उधाणराव नावाचा एक खेकडा होता. त्याचा भाऊ समुद्रात गेला, तेव्हा भावाचा शंख त्याच्याकडे आला. दोन शंख झाले. एकात राहायचं, एक खळग्यात. पोट कधी उघडं पडलं नाही आणि वाटा मात्र येत राहिला. वाट्याचे शंख पुढच्या प्रश्नाला खळग्यात, त्यांचा पुन्हा वाटा. यात कुठलाही नियम मोडला नव्हता. उधाणराव कुणावर नांगी उगारत नसे, लहानातल्या लहान खेकड्याला अहोजाहो करी, आणि प्रश्नाच्या दिवशी सगळ्यांत आधी कातळावर हजर असे.

एकदा तोच पुळणीकडे आला. पाठीवर नेहमीचा शंख, नांगीत एक निळं झाकण. माणसांच्या कुठल्याशा बाटलीचं असावं. समुद्र अलीकडे अशी झाकणं शंखांपेक्षा जास्त टाकू लागला होता.

“पुळणीबाई, हे घालून बघा.”

पुळणीने शंखातून पोट काढून झाकणात टाकलं. उथळ होतं, पण पोट झाकलं गेलं.

“मी काय म्हणतो,” उधाणराव म्हणाला, “लोक मत द्यायला नाराज नाहीत हो. त्यांना उघडं पडायची भीती वाटते. साहजिक आहे. तर त्यांनी झाकणात राहावं आणि आपला शंख माझ्याकडे द्यावा. मी तो त्यांच्या नावानं खळग्यात घालीन. प्रश्न समजून घेणं, कातळावर येणं, सगळी दगदग माझी. येईल तो वाटा त्यांचा, त्यातला चिमूटभर माझा. परत हवा असेल त्यानं एका उधाणाला सांगावं, पुढच्या उधाणाला न्यावा. विचार करा. किनाऱ्यावरचा एकूण एक शंख खळग्यात!”

एकूण एक शंख. पुळणीच्या डोळ्यांपुढे तो पहिला दिवस उभा राहिला. तिने विचार केला नाही. ती त्याच पावली कपारीकपारीतून फिरायला लागली, आणि तिच्या आयुष्यात तिने इतक्या कळकळीने हाकारा कधी केला नव्हता. लोक उधाणरावावर विश्वास ठेवत होते की नाही कोण जाणे. पुळणीवर ठेवत होते.

शेवाळमावशी तेवढी ऐकेना.

“मला नाही जमायचं बाई. एवढ्या वर्षांचं माझं शेवाळ आहे त्यावर. ओलं राहतं आत.”

“मावशी, सगळा किनारा देतोय. हाकाऱ्याच्या घरचाच शंख खळग्यात नाही म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं फिरू?”

“म्हणजे तुझ्या तोंडासाठी माझं पोट होय!” मावशी हसली. मग तिने शंखावरच्या शेवाळावरून नांगी फिरवली. “तू म्हणतेस तर घे. पण मला लाल झाकण नको हं. लाल लांबून दिसतं.”

पुळणीने तिला पांढरं झाकण शोधून आणलं. मावशीचा हिरवा शंख आणि आपला पट्ट्यांचा शंख तिने एकाच दिवशी उधाणरावाकडे पोचवले.

त्या उधाणाला कातळावर जी रास लागली तशी आधी कुणी पाहिली नव्हती. सावली कातळ ओलांडून वाळूत उतरली. पुळणीने “किनारा बोलला!” अशी आरोळी दिली तेव्हा तिचा आवाज फुटला, आणि खाली पुळणभर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या झाकणांतून उजव्या नांग्या वर आल्या. प्रश्न काय होता, हे नंतर फारसं कुणाला सांगता आलं नाही.

काही उधाणं अशी गेली. वाटे येत राहिले, पण ते बारीक शंखांचे असत, ज्यांत कुणाचंही पोट मावलं नसतं. “राहायला नाहीत हो ते, घालायला आहेत,” उधाणराव समजावून सांगे. “माझ्याकडेच राहू द्या, पुढच्या खेपेला तेही घालू.” लोकांना ते पटे. आपली रास वाढते आहे या विचारानेच त्यांना बरं वाटे. संध्याकाळी ते कपारींच्या तोंडाशी बसून कातळाकडे बघत आणि एकमेकांना सांगत, तो खालून दुसऱ्या थरातला तांबूस ना, तो आमचा.

झाकण मात्र वाढत नाही. त्याला आतलं वळणही नसतं, जिथे दुपारभर पुरेल इतकं पाणी धरून ठेवावं. तरण्यांची पोटं झाकणाबाहेर येऊ लागली. म्हाताऱ्यांची सुकू लागली. आणि कुरव, जे शंख फोडता येत नाही म्हणून इतकी वर्षं वरूनच घिरट्या घालून जात, ते एक एक करून वाळूवर उतरू लागले. झाकण चोचीने उलटायला काहीच कष्ट नव्हते.

एका दुपारी पुळणी मावशीकडे गेली, तर मावशी कपारीच्या तळाशी कलंडून पडली होती. तिच्या पोटाची कातडी पापडासारखी झाली होती.

“मावशी!”

“ओरडू नकोस, आहे मी.” मावशीचा आवाज खोल गेला होता. “मी काल गेले होते त्या रावाकडे. माझा शंख द्या म्हटलं. पाणी प्यायला दिलंन, बसवलंन, लेकासारखी चौकशी केलीन.”

“आणि शंख?”

“उद्या उधाण ना? म्हणाला, उद्या तुमचं मागणं धरतो, पुढच्या उधाणाला घेऊन जा.” तिने वाळलेल्या पोटावर नांगी ठेवली. “पुढचं उधाण मला दिसायचं नाही गं.”

पुळणी धावत उधाणरावाकडे गेली. तो आपल्या कपारीपुढे बसून नवे शंख निवडत होता.

“उद्या तिला तिचा शंख द्या,” ती म्हणाली. “तिचाच आहे.”

“तिचाच आहे. मी कधी नाही म्हटलं?” उधाणरावाच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचं दिसत होतं. “पण एकीला दिला की सगळे मागतील. सगळ्यांनी एकदम काढले तर रास कोसळेल, लोकांचे वाटे बुडतील. मुदतीचा नियम मी आणला नाही, पुळणीबाई. उधाणापर्यंत शंख काढायचा नाही, हे तुमच्या पहिल्या दिवसाचंच आहे ना? त्यावरच तर तुम्ही आरोळ्या देता.”

“मग मी प्रश्न विचारते. मागेल त्याला त्याच दिवशी शंख मिळावा.”

“विचारा की!” तो उठून उभा राहिला. “इथे कुणाला बंदी आहे का? उद्याचाच दिवस धरा. किनारा ठरवेल तसं.”

पुळणी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकही कपार न सोडता फिरली. कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांची पोटं सांगत होती. “होकार,” लोक म्हणत होते, “होकार, होकार.” खुबल्यासुद्धा चेष्टा न करता म्हणाला, “माझा होकार धर गं. बायकोचापण.” पुळणीला वाटलं, किनारा पुन्हा जागा झाला. मग तिच्या ध्यानात आलं, की यांतल्या कुणाकडेही खळग्यात घालायला शंख नव्हता.

“झाकणं घालू,” ती म्हणाली. “आपल्याजवळ जे आहे ते घालू. पोट झाकतं तेच मत, असाच तर नियम होता.”

उधाणाचं पाणी सकाळी कातळावर चढून उतरलं होतं. दुपारी लोक निघाले. एकेकाने झाकण काढून होकाराच्या खळग्यात टाकलं आणि उघड्या पोटाने बाजूला उभा राहिला. पुळणीने स्वतःचं निळं झाकण टाकलं. मग मावशीचं पांढरं. मावशीने ते स्वतः काढून दिलं होतं. “त्या पहिल्या प्रश्नानंतर मी स्वतः कधी मत दिलं नाही,” ती म्हणाली होती. “माझंही घाल. पण लवकर ये, शंख घेऊन.” पुळणीने तिला कपारीत ओल्या वाळूवर निजवलं होतं आणि वर शेवाळाची जाडशी चादर पसरली होती.

झाकणांचा ढीग बघताना पुळणीला हुंदका आला. लहानथोर, तरणे, म्हातारे, सगळे उघडे, आणि कुणी हसत नव्हतं. अगदी पहिल्या दिवसासारखं.

शेजारी, नकाराच्या खळग्यात, सकाळपासून उधाणराव शंख लावत होता. घाई नाही, गडबड नाही. मोठे खाली, लहान वर, नीट रचून. ज्यांचे शंख आपल्याकडे सोपवलेले आहेत त्यांचं हित त्याने पाहिलं होतं, आणि त्यांचं हित नकारात आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

उन्हं कलली. वारा सुटला आणि होकाराच्या खळग्यातली झाकणं उडू लागली. उघडे खेकडे आपापल्या मतामागे कातळभर धावले. एक लाल झाकण गडगडत थेट पाण्यात गेलं. कुणीतरी म्हणालं, “झाकण धरायचं की नाही, हे तर कुठे ठरलंय?” त्यावर वाद घालायचीही गरज पडली नाही. नकाराच्या राशीची सावली सरकत सरकत होकाराच्या खळग्यावर आली, त्यात उरलेली झाकणं तिने झाकली, आणि ती तशीच पुढे निघून गेली.

पुळणीने मान वर करून रास पाहिली. तळाच्या थरात मावशीचा शंख होता. त्यावरचं शेवाळ वाळून पांढरं पडलं होतं. आणि राशीच्या अगदी शेंड्यावर, सावलीचं टोक जिथून निघत होतं तिथे, पट्ट्यांचा, ओठ फुटलेला एक शंख होता.

ती पुढे गेली आणि तिने मावशीच्या शंखाला नांगी घातली. रास वरपासून करकरली.

“ए, ए, ए!” मागून ओरडा झाला. “काय करतेस?”

“एकच काढते. तिला आत्ता पाहिजे.”

“खालचा काढलास तर सगळं खाली येईल!”

“त्याच्यावरच माझा आहे, फुटला तर?”

“इतक्या उधाणांचा वाटा आहे आमचा!”

त्यांच्या नांग्यांनी तिला धरलं. उधाणराव जागचा हलला नव्हता. धरणारे सगळे तिच्यासारखेच उघडे होते. पहिली नांगी खुबल्याची होती.

“खुबल्या, मघाशी तू होकार दिलास ना?”

“दिला गं,” तो रडवेला होऊन म्हणाला, “मनापासून दिला. पण आता किनाऱ्यानं नाही म्हटलंय. आणि ठरल्यावर शंख ओढून नेणं म्हणजे...” तो शब्द त्याला बोलवेना.

तो मागून दुसऱ्या कुणीतरी बोलून टाकला. “चिंबोरा!”

पुळणीची नांगी सुटली. त्या शब्दाला ती लहानपणापासून सगळ्यांहून जास्त भीत आली होती. ती मागे सरली, वळली आणि कातळ उतरून मावशीच्या कपारीकडे निघाली. रिकाम्या नांग्यांनी तिथे जाऊन काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं. वाटेत ती एवढंच ठरवत होती, की पोटाशी पोट लावून बसू, ओल धरून ठेवू, एक रात्र निघेल, मग दुसरी.

कपारीतलं शेवाळ बाजूला फेकलेलं होतं. ओल्या वाळूत एक उथळ खळगा पडला होता, मावशीच्या अंगाएवढा. त्याच्या कडेने कुरवाच्या पावलांचे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे.

पुळणी त्या खळग्यापाशी बसून राहिली.

वारा वाढला. आणि मग कातळावरून तो आवाज आला. आधी खोल, जमिनीतून आल्यासारखा. मग त्याच्यावर दुसरा, तिसरा, चढत जाणारे, एकमेकांत मिसळणारे. शेकडो शंखांच्या रिकाम्या तोंडांतून वारा जात होता. एवढे शंख एका जागी उघड्या तोंडाने पूर्वी कधी पडले नव्हते, तेव्हा हा आवाजही किनाऱ्याने पूर्वी ऐकला नव्हता. लांब राहणाऱ्यांना वाटलं, की सगळा किनारा एका आवाजात बोलतो आहे. त्या संध्याकाळी हाकाऱ्याच्या आरोळीची कुणी वाट पाहिली नाही. कातळावर, वाळूवर, कपारींच्या तोंडाशी, उघड्या पोटांचे खेकडे जिथल्या तिथे थांबले आणि सवयीप्रमाणे एकेकाची उजवी नांगी वर झाली.

पाण्यावरून कुरवांचा थवा वळला आणि त्यांच्या सावल्या वाळूवरून सरकू लागल्या. कुणी नांगी खाली घेतली नाही.

पुळणी ऐकत होती. त्या सगळ्या घुमण्याच्या वर, अगदी शेंड्यावरून, एक बारीक शीळ येत होती. फुटक्या ओठातून यावी तशी. तो आवाज तिला ओळखू आला.